हळूभाऊंचे एकच खोटे

मंचरच्या बाजारात हळू बोलणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर काहीतरी लपवत असतो, अशी आमच्याकडची समजूत. लिलावाचा पुकारा, हमालांच्या हाका, नाशिक रस्त्यावरून धडधडत जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न, या सगळ्यांतून आपला आवाज पलीकडे पोचवायचा तर तो बेंबीच्या देठापासून काढावा लागतो. अशा त्या गदारोळाच्या काठावर, एसटी स्थानकासमोरच्या एका मेडिकलमध्ये, एक माणूस सबंध आयुष्य कुजबुजत जगला. औषध घेणाऱ्याला काचेच्या काउंटरवर ओणवे होऊन त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागे. मान अवघडलेल्या कुणा हमालाने कधीतरी वैतागून त्याचे नाव हळूभाऊ ठेवले आणि पाटीवरचे खरे नाव बाजार विसरून गेला.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर मी तिथल्या महाविद्यालयात मराठी शिकवायला आले. पहिल्यांदा त्यांचे बोलणे ऐकले तेव्हा मला वाटले, यांना घशाचा काही विकार असावा. तसे विचारलेही. ते काउंटरवरची काच फडक्याने पुसत म्हणाले, “घसा ठीक हाय, मॅडम. पण दुखणं ज्याचं त्याचं असतं. ते शेजारी उभा राहिलेल्याच्या कानात कशाला टाकायचं?” त्यानंतर मी त्या दुकानात उभी राहून ऐकू लागले, आणि मला काहीच ऐकू येईना. मूळव्याध, पाळी, खरूज, लग्नाच्या आधीची भीती, सारे एकाच पट्टीतल्या कुजबुजीत विरघळून जाई. त्या दुकानातून बाहेर पडणारा माणूस काय घेऊन चालला आहे, हे गावाला कधीही कळले नाही. आमच्याकडे हे फार दुर्मीळ सुख होते.

दुकानाला स्पिरिटचा, लवंगतेलाचा आणि कोऱ्या पुठ्ठ्याचा वास होता. त्याच्या खाली, मंचरमध्ये सगळ्याच गोष्टींना असतो तसा, कांद्याचा. गोळ्यांची पट्टी कात्रीने कापताना ते क्षणभर डोळे मिटत. मूळचे ते आणे पठारावरचे. आजोबांनी बुद्धाची दीक्षा घेतलेली, वडिलांनी विहिरी खणून पोराला पुण्याला फार्मसीच्या पदविकेला घातलेले. पठारावर पाणी नाही, म्हणून की काय, दुकानाच्या दारात त्यांनी एक भलामोठा माठ ठेवला होता. औषध घ्यायला सगळे येत. त्या माठातले पाणी मात्र सगळेच पीत नसत. हे त्यांना ठाऊक होते. माठ रोज सकाळी घासला जाई.

औषधाबाबत ते खोटे बोलत नसत. लहान मुलाला कडेवर घेऊन आलेली आई डोळ्यांनी खुणावी, गोड आहे म्हणा. ते मुलाकडे वाकून सांगत, “कडू हाय बाळा. लई कडू. पण लवकर संपतं.” मूल आधी भोकाड पसरी, आई रागावे. पुढच्या खेपेला मात्र तेच मूल त्यांच्याकडून निमूटपणे औषध घेई, असे मी अनेकदा पाहिले.

एके सकाळी मी तापाची गोळी आणायला गेले, तेव्हा माझ्यापुढे ट्रकवरचा एक क्लीनर उभा होता. त्याच्या दंडावर हिरवट-काळे डाग होते, जुन्या केळ्याच्या सालीवर असतात तसे. त्याने खिशातून वापरलेली सुई काढली. हळूभाऊंनी ती चिमट्याने उचलून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकली आणि एक कोरी सिरिंज, कागदाच्या वेष्टनासकट, त्याच्या हातात ठेवली. कुणाची चिठ्ठी नव्हती, काही विचारणे नव्हते. कानाशी लागून ते त्याला काहीतरी म्हणाले आणि तो मान हलवून गेला. ज्या हातांनी लेकरांना औषध मिळते, तेच हात हे काम करतात? मी गोळी न घेताच परत फिरले.

दोन-चार दिवसांनी न राहवून मी त्यांना जाब विचारला. माझा आवाज चढला होता. त्यांचा तसाच राहिला. “तो आज सोडणार न्हाई, हे तुमालाबी म्हाईत हाय, मलाबी. पण दुसऱ्याची सुई टोचून त्यानं मरू नये, एवढं माझ्या हातात हाय. जिवंत राहिला तर उद्या सोडंल की.” मग म्हणाले, “त्याला मी काय सांगितलं, ते विचारलं न्हाई तुमी. सकाळी काहीतरी खाऊन घे, म्हणालो.”

त्या काळी महामार्गाने नुसती भाजी मुंबईला जात नसे. मुंबईहून काही गोष्टी परतही येत. त्यातली एक म्हणजे गर्द. तपकिरी पूड, चांदीच्या कागदावर ठेवून खालून काडी लावायची आणि धूर ओढायचा; कुणी ती सुईनेही टोचून घेई. ती ओढणाऱ्याला लोक गर्दुल्ला म्हणत आणि तो शब्द उच्चारताना तोंड वाकडे करीत. पुण्याच्या एका डॉक्टरांनी त्यांतल्या काहींना एक गोळी सुरू केली होती. ती रोज घेतली की अंगातली तडफड शमते, माणूस गर्दाच्या मागे धावत नाही, कामाला लागतो. पण रोज पुण्याला कोण जाणार? आणि गोळ्या एकदम हातात दिल्या, तर त्या विकल्या जाण्याची भीती. दुसऱ्या कुठल्या दुकानदाराने ही माणसे पायरीवर चढू दिली नसती. हळूभाऊंनी डॉक्टरांना कळवले, रोज एक मी माझ्यासमोर देईन.

ती गोळी गिळायची नसते. जिभेखाली ठेवायची आणि ती पूर्ण विरघळेपर्यंत तोंड उघडायचे नाही. म्हणून दुकानाच्या आतल्या अंगाला एक लाकडी बाक होता आणि सकाळी त्या बाकावर चार-पाच माणसे ओठ घट्ट मिटून बसलेली असत. बाजारात त्यावर विनोद होत. “हळूभाऊनं ह्यांचाबी आवाज बंद केला, राव,” असे रिक्षावाले म्हणत. बाकावर कायम भिंतीकडेची जागा धरणारा एक हमाल होता. गर्दाने त्याच्या अंगावर हाडे तेवढी ठेवली होती, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. त्यालाही ते नाव आवडे. गोळी तोंडात असताना कुणी हाक मारली तर तो उत्तरादाखल दंड फुगवून दाखवी.

आणि ती माणसे गप्प असताना, एरवी कुणाशी गरजेपलीकडे न बोलणारे हळूभाऊ बोलत. बाजाराचे भाव, पठारावरच्या बोरी, पदविकेच्या परीक्षेत आपण दोनदा कसे नापास झालो, धाकट्या लेकीने शाळेत काय पराक्रम केला. मी एकदा विचारले, उत्तर न देऊ शकणाऱ्यांशी हे कसले संभाषण? ते म्हणाले, “ह्यांच्याशी बोलतो तो प्रत्येक जण ह्यांच्याकडं उत्तर मागतो. कुठं व्हतास, पैसे काय केलेस, लाज वाटती का. इथं थोडा वेळ कुणालाच काही सांगायचं नसतं.”

एका हिवाळी सकाळी मी खोकल्याचे औषध घ्यायला गेले. बाहेर धुके होते, शेंगदाणे भाजल्याचा वास त्यात अडकून राहिला होता. सवयीने बाकाकडे नजर गेली. पैलवानाशेजारी, गुडघ्यांत हात दाबून, माझा धाकटा भाऊ विलास बसला होता.

जमीन हलली असे लोक लिहितात. माझी हलली नाही. उलट सगळेच अतिशय स्थिर झाले. फ्रिजची घरघर, कात्रीचा आवाज, विलासच्या मिटलेल्या ओठांच्या कडेला साठलेला पांढरट फेस. तो आमच्या गावचा, येडगावचा कांदा टेम्पोतून वाशीच्या बाजारात नेत असे. वर्षभर तो वाळत चालला होता आणि आम्ही त्याला जागरण समजत होतो. त्याने माझ्याकडे पाहिले. त्याला बोलता येत नव्हते. हळूभाऊंनी स्टूल पुढे केले. “बसा, मॅडम. आत्ता त्याला काही विचारू नका. तो दिवाळीपासून रोज येतोय.” मी जवळजवळ किंचाळले असेन, तुम्हाला ठाऊक होते, माझा भाऊ आहे हे? “व्हतं. पण ते त्यानं सांगायचं. मी न्हाई.”

मग मी पाहू लागले आणि मला दिसू लागले. विलासच्या गालांवर मांस आले होते. त्याच्या नखांखाली पुन्हा माती होती. दिवाळीनंतर तो घरी राहून शेत पाहू लागला, सकाळच्या गाडीने मंचरला येई आणि दुपारच्या आत परते. मला आक्का म्हणून हाक मारताना त्याचा आवाज पूर्वीसारखा खालच्या सुरावर टेकू लागला. रविवारी दुकान बंद असे, म्हणून शनिवारी हळूभाऊ त्याला एकच जादा गोळी कागदाच्या पुडीत बांधून देत. विश्वासाची एवढीच सवलत.

आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, हे सगळे त्याने स्वतःच सांगितले. आप्पा चिडले नाहीत, खचलेही नाहीत. ते माळकरी. त्यांच्या दृष्टीने या रोगाचे औषध शेकडो वर्षांपूर्वीच सापडले होते. तुळशीची माळ घालायची आणि त्या क्षणी सगळे सोडायचे. आमच्या पंचक्रोशीत दारू सुटलेल्या माणसांपैकी निम्म्यांची अशीच सुटली आहे, हे मला नाकारता येत नाही. देवळात कीर्तनकार महाराजांच्या हातून विलासच्या गळ्यात माळ पडली. माळ घालणारा आपली व्यसने देवापुढे ठेवतो, अशी आमच्याकडची रीत. कुणी तंबाखूची डबी ठेवली, कुणी विडीचे बंडल. विलासने खिशातून रविवारची पुडी काढली आणि तीही तिथेच ठेवली. बायका डोळे पुसत होत्या. बुक्क्याचा आणि उदबत्तीचा वास कोंदला होता. मी त्या कागदाच्या पुडीकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी हळूभाऊंना सांगितले. त्यांनी हातातली पट्टी तशीच ठेवली, भर बाजाराच्या वेळी शटर ओढले आणि मिळेल त्या गाडीने येडगाव गाठले. मी सोबत होते. ओसरीवर चहा झाला. त्यांना तो आमच्याच कपांतून दिला की वेगळ्या पेल्यातून, हे मी पाहिले. कपातूनच दिला होता.

“माळ काढा असं म्हणत न्हाई, आप्पा,” ते म्हणाले. “माळ गळ्यात राहू द्या, गोळी जिभेखाली. दोघींचं काही भांडण न्हाई.”

आप्पा हसले. “तुमी शिकल्याली मानसं. पन माळंला दारूबी तीच आन् तुमची गोळीबी तीच. एक नशा सोडून दुसरी धरली, त्याला सोडनं म्हनत नाय, भाऊ.”

तेव्हा हळूभाऊ विलासकडे वळले. त्यांनी त्याला स्वच्छ शब्दांत सांगितले, की गोळी थांबली की ओढ परत येईल; आणि आता त्याचे शरीर पूर्वीचे राहिलेले नाही. पूर्वी पचवायचा तेवढा गर्द त्याने एकदा जरी ओढला, तरी श्वास बंद पडेल. विलास खाली पाहत होता. “भाऊ, मला सुटायचंय,” तो म्हणाला. “रोज त्या बाकावर बसायचं, म्हणजे मी कोण हाय ते रोज समद्या बाजाराला सांगायचं.” हळूभाऊंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “सुटशील. पण पायरी पायरीनं. माडीवरनं उडी मारून कुणी खाली उतरत न्हाई.” आप्पांनी त्यांना पिशवीभर कांदे दिले आणि गाडीपर्यंत पोचवले. पाहुणचारात काही कमी पडले नाही. गोळी मात्र पुन्हा सुरू झाली नाही.

कांद्याचा हंगाम आला, तसा विलास पुन्हा वाशीच्या फेऱ्या करू लागला. एका दुपारी कालव्यावर धुणे धुणाऱ्या बायकांना रस्त्याकडेला उभा टेम्पो दिसला. इंजिन बंद, काच वर, आणि स्टिअरिंगवर डोके टेकून झोपलेला माणूस. त्यांनी हाका मारल्या. मला कळवले गेले तेव्हा मी वर्गात एक विराणी शिकवीत होते. सरकारी दवाखान्याच्या फरशीवर मी त्याच्या गळ्यावर हात ठेवला. मणी गार होते. नव्या तुळशीला ओल्या लाकडाचा वास येतो, तो अजून गेला नव्हता.

दिवस-कार्य उरकल्यावर आप्पा मंचरला आले. माझ्या घरी पाणीही न घेता म्हणाले, “त्या मेडिकलवाल्याकडं चल.” हातात काठी होती. बाजाराला वास लागलाच. दुकानासमोर माणसे गोळा झाली. मेडिकलवाल्याने गोळ्या चारून पोरगा मारला, असे बोलणारेही त्यांत होते आणि आता दुकान फुटणार, म्हणून काही जण उत्सुक होते. मला आप्पांच्या श्वासाचा आवाज येत होता. ते काउंटरशी गेले, आणि बाजारात जन्म काढलेल्या त्या माणसाने, कुणी सांगितल्याशिवाय, आवाज खाली आणला.

“येकच इचारायला आलोय. गोळी चालू असती, तर पोरगं वाचलं असतं का?”

मला उत्तर ठाऊक होते. आमच्या ओसरीवर त्यांनी ते माझ्यादेखत सांगितले होते. आणि आप्पांनीही ते ऐकले होते. आता आप्पा ते पुन्हा विचारत होते, कारण त्यांना ते पेलत नव्हते.

“न्हाई, आप्पा,” हळूभाऊ म्हणाले. “काही फरक पडला नसता. मी त्या दिवशी बोललो ते आपलं भीतीपोटी. त्याची वेळच तेवढी व्हती.”

मी चमकून त्यांच्याकडे पाहिले. लहान मुलाला कडू औषध कडूच म्हणणारा हा माणूस. आप्पांनी श्वास सोडला, पाठीवरचे पोते खाली ठेवल्यावर हमाल सोडतो तसा. ते पायरीवर बसले. मग त्यांनी दारातल्या माठाकडे बोट दाखवले आणि पाणी मागून घेतले. आमच्या घरातल्या कुणीही ते आजवर प्यायले नव्हते.

सगळे पांगल्यावर मी हळूभाऊंना विचारले, हे काय बोललात तुम्ही? ते फडक्याने तीच काच पुन्हा पुन्हा पुसत होते. “त्यांनी औषध मागितलं, मॅडम. माझ्याकडं तेवढंच शिल्लक व्हतं.”

मला ते उत्तर फार सुंदर वाटले होते. त्याचे पुढे काय होणार आहे, हे ना मला दिसले, ना त्यांना.

आप्पांनी ते वाक्य जपून ठेवले नाही. त्यांनी ते वाटले. आपल्यासारखेच दुःख ज्यांच्या घरात आहे त्यांना धीर द्यावा, एवढाच त्यांचा हेतू. आठवडे बाजारात, लग्नाच्या मांडवात, देवळाच्या पारावर ते सांगू लागले. “मेडिकलवाला सोता बोलला मला. त्या गोळीनं काय व्हत नाय. जगायचं आसंल तर त्येच्याबिगर जगतंय.” ज्याचा मुलगा गेला आहे त्याचे बोलणे कोण खोडणार? आणि साक्ष कुणाची, तर खुद्द हळूभाऊंची. बाकावरची माणसे कमी होऊ लागली. एकाच्या मामाने त्याला गावी नेले. एकाला आईने देवीला नेऊन सोडवून आणले. शेवटी भिंतीकडेची जागाही रिकामी झाली. पैलवानाच्या बायकोने आप्पांचे बोलणे बाजारात ऐकले होते आणि नवऱ्याला बजावले होते, पुरे झाले आता ते चघळणे. लिलावात पोते उचलताना त्याचे हात थरथरताना लोकांनी पाहिले.

हळूभाऊंना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्या दुकानाच्या जागी चपलांचे दुकान आहे, मुली पुण्यात स्थिरावल्या आहेत. जुनी माणसे त्यांची आठवण काढतात ती त्यांच्या कुजबुजण्याची नक्कल करून, आणि हसतात. मीही हसते. पण त्यांचे नाव निघाले की मला तो हसरा बाजार दिसत नाही. मला दिसते ती सकाळ, जेव्हा ते शटर अर्धे वर करून तसेच उभे होते आणि मला म्हणाले, “मॅडम, येडगावला येता का? एकट्यानं जायची हिंमत न्हाई.”

आप्पा कांद्याच्या चाळीत बसून कांदा निवडत होते. सडक्या कांद्याचा उग्र, गोडसर दर्प डोळ्यांत जात होता. हळूभाऊ त्यांच्यासमोर मातीतच बसले, आणि बसल्या बसल्या म्हणाले, “आप्पा, मी तुमच्याशी खोटं बोललो.”

आप्पांचे हात थांबले नाहीत. चांगला कांदा उजवीकडे, नासका डावीकडे. “कंच्या बाबतीत?”

“गोळीच्या. वाचलाच असता असं छातीवर हात ठेवून कुणी सांगणार न्हाई. पण गोळी घेणारी माणसं जास्त जगत्यात. हे मला तेव्हाबी म्हाईत व्हतं.”

मला वाटले, आता हे म्हातारे माणूस कोसळेल. मला हळूभाऊंचा संतापही आला. हेच करायचे होते तर आधी ते मलम का लावले? आता ते ओढून काढताना कातडी येणार नाही का? चाळीच्या फटींतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्या आप्पांच्या हातांवर पडत होत्या. त्यांनी विचारले, “मंग तवा का नाय सांगितलं?”

“तुमच्याकडं बघून धीर झाला न्हाई.”

“आन् आज कसा झाला?”

“पैलवान यायचा बंद झालाय, आप्पा. बाकीचेबी. तुमचं ऐकून. म्हंजे माझंच ऐकून. त्यातल्या कुणी पुन्हा पहिल्याइतकं ओढलं...”

आप्पांच्या हातात एक कांदा होता. तो कुठल्या ढिगात टाकायचा, हे त्यांना ठरवता येत नव्हते. त्यांनी तो हुंगला, दाबून पाहिला, पुन्हा हुंगला. मी आयुष्यात माणसाला इतके एकटे पाहिलेले नाही. मग त्यांनी तो कांदा मांडीशेजारी वेगळाच ठेवला, उठून हात धुतले, खुंटीवरची टोपी काढून घातली आणि म्हणाले, “कुटं ऱ्हातो त्यो पैलवान?”

मंचरच्या गाडीत हळूभाऊ आणि आप्पा एकाच बाकावर बसले होते आणि वळणावर एकमेकांवर कलत होते. बाजाराच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या खोल्या आहेत, त्यांतल्या एका खोलीच्या दारात पैलवानाची बायको दाभणाने फाटकी पोती शिवत बसली होती. आत अंधारात तो घोंगडी पांघरून पडला होता. अंगाची आग आणि थंडी दोन्ही एकदम लागल्यासारखा तो कण्हत होता. म्हणजे अजून त्याने ओढलेला नव्हता. ओढायला उठायचाच होता. आप्पांना पाहून तिने डोक्यावर पदर घेतला. हळूभाऊ बाहेरच थांबले.

आप्पा उंबऱ्याशी उकिडवे बसले. तिच्याकडे न पाहता, आतल्या त्या घोंगडीकडे पाहत बोलू लागले.

“बाई, माज्या पोराची गोळी मी थांबवली. त्यो थांबवत नव्हता, मी थांबवली. आन् त्यो गेला. तुमच्या मानसाची थांबवू नका.”

दाभण पोत्यात तसाच अडकला. तिने आधी त्यांच्याकडे पाहिले, मग बाहेर उन्हात मान खाली घालून उभ्या असलेल्या हळूभाऊंकडे. तिच्या स्वरात राग होता, आणि तो रास्तच होता. “मंग हे मेडिकलवाले भाऊच तसं का म्हनले? गोळीनं काय व्हत नाय म्हनून?”

आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“मला वाचवायला म्हनले. तुमी ह्येला वाचवा.”